डबा एक कमी का आला?

मोबाइलमध्ये आठ कोअर, लॅपटॉपमध्ये बारा. सगळे एकाच वेळी कामाला लागल्यावर एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत ना, हे बघायचं कुणी? विश्रांतवाडीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमधून निघून व्हाया हडपसर थेट पवईला पोचलेली ही गोष्ट!

विश्रांतवाडीत, टिंगरेनगरच्या बाजूला आमचा टू बीएचके आहे. आमचा म्हणजे मालकांचाच, आमच्याकडे फक्त अकरा महिन्यांचा करार. राहतो चौघं. रात्रीचा डबा धानोरीच्या एका काकूंकडून येतो. सिस्टिम एकदम सोपी. दारामागे छोटा व्हाइटबोर्ड टांगलाय, त्यावर त्या रात्री किती डबे हवेत तो आकडा. ज्याला डबा हवा त्याने सकाळी निघताना आकड्यात एक मिळवायचा. संध्याकाळी पाचला जो घरी असेल (आमच्यातला एक सीए करतोय, तो असतोच) तो काकूंना फोन करून आकडा सांगतो. विषय संपला.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका गुरुवारी चार जणांत तीनच डबे आले. ‘मी लिहिलं होतं रे!’ ‘मग मी काय झोपेत होतो?’ वगैरे वगैरे. त्या रात्री अर्ध्या-अर्ध्या पोळीवरून जे भांडण झालं ते जाऊ द्या. गंमत अशी, की चौघंही खरं बोलत होतो.

झालं असं होतं. आमच्याकडे मार्कर कधीच जागेवर नसतो. सकाळी बोर्डावर दोनचा आकडा होता. तिसऱ्याने तो बघितला आणि मार्कर शोधायला आत गेला. तेवढ्यात चौथा आला. त्यालाही दोनच दिसला. त्याच्या बॅगेत मार्कर होता, त्याने तीन लिहिलं आणि बाइकला किक मारली. मग तिसरा मार्कर घेऊन उगवला. डोक्यात ‘दोन अधिक एक’ पक्कं. बूट घालता घालता त्याने न बघताच बोर्ड पुसला आणि लिहिलं... तीन. कुणी काही चुकलं नाही, पण हिशेब मात्र चुकला.

सॉफ्टवेअरवाले याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. तुम्ही हिंजवडीत, खराडीत किंवा आमच्याजवळच्या येरवड्यात कोड लिहीत असाल, तर हा शब्द तुमच्या डोक्याला कधी ना कधी शॉट देऊन गेलेला असणार. नसेल लिहीत, तरी वाचा. तुमचं बँक अकाउंट, तुमची कॅब, तुमच्या गाडीचा ब्रेक, सगळं आता याच बोर्डावर लिहिलं जातंय.

वीसपैकी अठरा

जरा हिशेब करू. प्रत्येकाची कामं तीन: आकडा बघणे, मनात एक मिळवणे, नवा आकडा लिहिणे. दोघांची मिळून सहा. प्रत्येकाचा स्वतःचा क्रम तोच ठेवला, तर ही सहा कामं एकमेकांत किती प्रकारे मिसळू शकतात? वीस. त्यातले बरोबर उत्तर देणारे किती? फक्त दोन! एकाचं सगळं उरकल्यावर दुसऱ्याने सुरू केलं तरच. उरलेल्या अठरा प्रकारांत डबा एक कमी.

मग आम्ही दोन वर्षं जेवलो कसे? कारण ते दोन चांगले प्रकारच जवळपास रोज होतात. एक जण सव्वाआठला निघतो, दुसरा पावणेदहाला. टक्कर होतच नाही. म्हणजे कागदावर अठरा रस्ते खड्ड्यात जाणारे आणि रोजचा प्रवास मात्र उरलेल्या दोनांवरून. टेस्टिंगचा लोचा नेमका इथे आहे. हजारदा चालवून बघितलं, हजारदा बरोबर आलं, सर्टिफिकेट दिलं. हजार वेळा आपण तेच दोन रस्ते तपासले असतात.

आता आकडे वाढवा. दोघांऐवजी चौघं आणि प्रत्येकाची तीनऐवजी दहा कामं. सगळे प्रकार मोजले तर आकडा येतो साधारण ४७ आणि त्यावर वीस शून्यं. दहा कामं म्हणजे कोडच्या पाच-सहा ओळीसुद्धा होत नाहीत, बॉस. सेकंदाला शंभर कोटी प्रकार तपासणारं मशीन आणलं, तरी एक लाख वर्षांहून जास्त लागतील. आणि मॅनेजर म्हणतो, शुक्रवारपर्यंत द्या.

एके काळी ही डोकेदुखी मोजक्या लोकांची होती. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे, बँकांचे मोठे सर्व्हर सांभाळणारे, असे. बाकीचे मजेत. प्रोसेसरचा वेग दर दोन वर्षांनी वाढायचा, तुमचा जुना प्रोग्रॅम काही न करता पळायचा. २००४ च्या आसपास ही चैन संपली. चिप इतक्या तापायला लागल्या की वेग वाढवणं परवडेना. मग कंपन्यांनी एका चिपवर एकाऐवजी दोन डोकी बसवली. आयबीएमने सर्व्हरसाठी हे २००१ मध्येच केलं होतं, इंटेल आणि एएमडीचे ड्युअल कोअर २००५ मध्ये सामान्य लोकांच्या टेबलावर आले. तेव्हापासून वेग हवा असेल तर काम वाटून घ्या, असा मामला आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाला अचानक रूममेट आले म्हणा ना.

तिचं कुणी ऐकलं नाही

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो (नाव राहू दे), तिथे आम्ही गिफ्ट कार्डचं सॉफ्टवेअर करायचो. आमच्या टीममधली टेस्टर मुलगी, माझ्याच बॅचची, तिने एक बग टाकला: क्वचित कधीतरी एकाच कार्डातले पैसे दोनदा वापरता येतात. डेव्हलपरने तीन दिवस बघितलं, त्याच्याकडे झालं नाही. शेरा मारला, ‘नॉट रिप्रोड्युसिबल’. बग बंद. तिने पुन्हा टाकला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा मीटिंगमध्ये हशा पिकला. त्या हसणाऱ्यांत मीही होतो, हे इथे लिहून टाकतो. अप्रेझलमध्ये तिला ‘प्रायॉरिटी कळत नाही’ असं लिहून मिळालं.

मग क्लायंटने दिवाळीच्या तोंडावर सर्व्हर बदलला. चार कोअरचा जाऊन सोळा कोअरचा आला. कोड तोच, एक ओळ बदलली नाही. पहिल्याच वीकेंडला पैसे दोनदा जायला लागले. रात्री अडीचला फोन, सगळे ऑफिसात. काय होतंय ते कळावं म्हणून आम्ही मध्ये लॉग छापायच्या ओळी घातल्या. बग गायब! ओळी काढल्या, बग हजर. अशा बगला ‘हायझेनबग’ म्हणतात, बघायला गेलं की बदलतो. छापायला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात दुसरा थ्रेड पुढे सटकत होता, बाकी काही नाही. अकराव्या दिवशी सापडला. एक कुलूप, म्हणजे लॉक, एका ओळीने उशिरा लावलं होतं. सापडल्यावर केक आला. ती तोवर पेपर टाकून गेली होती.

याहून वाईट काय होऊ शकतं, याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीचं आहे आणि ते हसण्यासारखं नाही. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, किमान तिघं त्यात गेले. मार्च १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात असाच प्रकार झाला. ऑपरेटर बाई रोज हेच काम करणाऱ्या, टायपिंगचा हात बसलेला. इलेक्ट्रॉनऐवजी चुकून एक्स-रे टाइप झालं, त्यांनी झरझर वर जाऊन दुरुस्त केलं. आता मशीनला आतले चुंबक जागेवर आणायला आठेक सेकंद लागायचे, आणि त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला नाही. म्हणजे आमचाच व्हाइटबोर्ड. स्क्रीनवर फक्त ‘मालफंक्शन ५४’.

कंपनीचे इंजिनीअर आले, त्यांनी तपासलं, त्यांच्याकडे काही झालं नाही. मशीन पुन्हा सुरू. एप्रिलमध्ये दुसरा पेशंट. शेवटी हॉस्पिटलचे फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर आणि त्या ऑपरेटर बाई मशीनसमोर बसले आणि तेच ते पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले. वेग पुरेसा आला आणि ‘मालफंक्शन ५४’ हवं तेव्हा आणता यायला लागलं. इंजिनीअर सावकाश टाइप करत होते, म्हणून त्यांना ते दिसत नव्हतं! याआधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा डोस अडवणारी वेगळी हार्डवेअरची सोय होती. सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून या मॉडेलमध्ये ती काढली होती. बरं, त्या मशीनमध्ये मल्टिकोअर वगैरे काही नव्हतं, एकच प्रोसेसर आलटूनपालटून कामं करत होता. एका डोक्याने हे केलं.

आणखी एक छोटं उदाहरण. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात मिळून पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं बरीच होती. पण ओहायोतल्या कंट्रोल रूममधली धोक्याची घंटा वाजलीच नाही, ती अलार्म सॉफ्टवेअरमधल्या रेस कंडिशनमुळे. हे सॉफ्टवेअर ठिकठिकाणी मिळून लाखो तास नीट चाललेलं होतं. (आपल्याकडे वीज जायला एवढं काही लागत नाही, हा भाग वेगळा.)

एक टिक, दोन टिक

बरं, कुलूप लावलं की झालं ना? आम्ही बोर्डाला तेच केलं. मार्कर एकच, सुतळीने बोर्डालाच बांधला आणि नियम केला: आधी मार्कर हातात, मग आकडा बघायचा. हातात मार्कर नसेल तर आकड्याकडे बघायचंसुद्धा नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे ‘म्यूटेक्स’. कुलपांचा स्वतःचा ताप असतो. दोन कुलपं आणि दोन माणसं असली, की याच्याकडे एक किल्ली, त्याच्याकडे दुसरी आणि दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे. संध्याकाळी सातला आमच्या विश्रांतवाडी चौकात एकदा या, डेडलॉकवर वेगळं लेक्चर लागणार नाही.

पण खरी फसगत पुढे आहे. इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला तुम्ही ‘पीटरसन्स सोल्यूशन’ लिहिलं असेल. गॅरी पीटरसन यांनी १९८१ मध्ये मांडलेली दोन प्रोसेसची सुंदर युक्ती. मी आत जातोय असा झेंडा लावायचा, समोरच्याचा झेंडा बघायचा, लागलेला असेल तर थांबायचं. सिद्धता पक्की. दहापैकी नऊ मार्क. तोच कोड जसाच्या तसा आजच्या लॅपटॉपवर दोन कोअरवर चालवा, लाखो वेळा फिरवा. कधीतरी दोघंही आत घुसतात!

का? व्हॉट्सअॅपवर समजावतो. समजा घरातला सिलिंडर संपलाय. मी मेसेज टाकला, ‘मी गॅस बुक करतोय’, आणि लगेच तुझा मेसेज आलाय का बघितलं. नाही आला. म्हणजे मीच बुक करायचा. त्याच क्षणी तूही तेच केलंस. दोघांच्या मेसेजला अजून एकच टिक आहे. निघालेत, पोचलेले नाहीत. दोघांनी नियम पाळला आणि दोन सिलिंडर आले. प्रोसेसरचा प्रत्येक कोअर असाच वागतो. लिहिलेली गोष्ट तो लगेच सगळ्यांच्या मेमरीत पोचवत नाही. आधी स्वतःच्या खिशात ठेवतो (याला ‘स्टोअर बफर’ म्हणतात) आणि पुढच्या कामाला लागतो, कारण थांबला तर वेग जातो. मोबाइलमधले एआरएम प्रोसेसर याबाबतीत आणखी मोकळे. दोन मेसेज टाकले तर दुसरा आधी पोचू शकतो.

म्हणजे त्या ४७ वर वीस शून्यांतसुद्धा आपण धरून चाललो होतो, की प्रत्येकाची स्वतःची कामं क्रमाने होतात. तेही खरं नाही.

१९७९ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘क्रमाने होतात’ म्हणजे नक्की काय, याची व्याख्या दिली होती. त्याला सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी म्हणतात. सगळ्यांची कामं एका रांगेत लावता आली पाहिजेत आणि त्या रांगेत प्रत्येकाचा आपापला क्रम टिकला पाहिजे. प्रोग्रॅमरच्या डोक्यात हेच चित्र असतं. हार्डवेअरवाल्यांना मात्र ते महाग पडायचं. मग या दोघांचा संसार चालायचा कसा?

या भांडणात मध्यस्थी केली ती पवईहून गेलेल्या एका मुलीने. सरिता आडवे, १९८७ ची आयआयटी मुंबईची इलेक्ट्रिकलची बीटेक. अमेरिकेत विस्कॉन्सिनला पीएचडी करताना १९९० मध्ये त्यांनी आपले गाइड मार्क हिल यांच्याबरोबर एक पेपर लिहिला. त्यातली कल्पना भाडेकराराइतकी सरळ. प्रोग्रॅमरने करार पाळायचा: जिथे दोघं एकाच जागी लिहिणार-वाचणार असतील, तिथे कुलूप किंवा तशीच खूण न चुकता लावायची, म्हणजे रेस ठेवायची नाही. मग हार्डवेअरनेही शब्द पाळायचा: आत मी काहीही उलटसुलट करेन, पण तुला मात्र सगळं त्या सरळ रांगेसारखंच दिसेल. ज्याने करार मोडला त्याला काहीही दिसू शकतं, तक्रार करायची नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण जावा भाषा १९९५ मध्ये आली ती मेमरीचे भोंगळ नियम घेऊन. नावाजलेल्या पुस्तकांतल्या युक्त्याही त्यामुळे चुकीच्या निघाल्या. २००४ मध्ये जावा ५ बरोबर नियम नव्याने लिहिले गेले, त्यांच्या मुळाशी हाच करार होता आणि त्या कामात बिल प्यू आणि जेरेमी मॅन्सन यांच्याबरोबर आडवेही होत्या. सी प्लस प्लसला २०११ च्या प्रमाणात पहिल्यांदा असे नियम मिळाले, तेही याच वाटेने. तुम्ही आज सकाळी बँकेचं अॅप उघडलं असेल, तर त्यात कुठेतरी हा करार चालू होता. २०१८ चं केन केनेडी अवॉर्ड त्यांना मिळालं. आपल्याकडे किती जणांना नाव माहीत आहे? माझ्या ऑफिसात मी विचारलं. शून्य.

रथापुढचे आणि रथामागचे

‘क्रम मोडू नकोस’ असं प्रोसेसरला सांगायची जी खास आज्ञा असते, तिला ‘फेन्स’ म्हणतात. ही समजायला विश्रांतवाडीकराला पुस्तक लागत नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते ती आमच्याच रस्त्याने. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. ज्या पुढच्या त्या चौक आधी ओलांडणार, ज्या मागच्या त्या रथ गेल्यावरच. रथ म्हणजे फेन्स. फरक एवढाच, की दिंड्यांना आपापसातही क्रमांक असतात आणि त्या तो पाळतात. प्रोसेसर रथापुढच्या कामांची आपापसात खुशाल अदलाबदल करतो, फक्त रथ ओलांडू देत नाही. पीटरसनच्या कोडमध्ये झेंडा लावणे आणि समोरचा झेंडा बघणे यांच्यामध्ये एक फेन्स टाकला की ते पुन्हा बरोबर चालतं.

मग सगळीकडे फेन्स टाकून मोकळं व्हावं ना? टाका, आणि सोळा कोअरचे पैसे देऊन चारचा वेग घ्या. म्हणून हुशार मंडळी कमीत कमी फेन्स वापरतात, आणि तिथेच चुकतात. आणि तिथेच प्रश्न येतो, की या कोडमध्ये चूक नाही, हे सगळे प्रकार न चालवता गणिताने सिद्ध करता येईल का? टेस्टिंग नव्हे, पडताळणी. ‘अजून काही सापडलं नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांत जो फरक आहे, तो.

या प्रश्नावर पवईत काम होतं. आयआयटी मुंबईच्या प्रा. एस. कृष्णा आणि तिथलेच जतीन अरोरा यांनी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या परोश अब्दुल्ला आणि मोहम्मद फौझी अतिग यांच्याबरोबर २०१९ मध्ये एक पेपर मांडला. विषय होता ‘रिलीज-अक्वायर’ नावाची मेमरीची शिस्त, सी प्लस प्लसवाले जी हौसेने वापरतात. म्हटलं तर अर्धा रथ. पहिला निकालच धक्का देणारा: या शिस्तीत लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम घेऊन ‘हा नको त्या अवस्थेत जाईल का’ याचं हो-नाही उत्तर हमखास देणारं यंत्र बनूच शकत नाही. प्रोग्रॅममधले आकडे मोजकेच असले, तरीही. आज नाही जमत, उद्या जमेल, असं नाही. कधीच नाही.

इथे थांबले असते तर पेपर बरा, पण आपल्या उपयोगाचा नव्हता. ते पुढे जे करतात ते मला भारी वाटतं. या शिस्तीत प्रत्येक थ्रेडला जगाचं आपापलं चित्र दिसतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जसा प्रत्येक जण वेगवेगळ्या मेसेजपर्यंत वाचून बसलेला असतो, तसं. दुसऱ्याने लिहिलेलं वाचलं, की हे चित्र बदलतं. त्यांनी म्हटलं, हे चित्र बदलणं आपण ठराविक वेळांपुरतंच मर्यादित ठेवू आणि तेवढ्यातले सगळे प्रकार तपासू. शिवाय एक युक्ती: मूळ प्रोग्रॅमचंच रूपांतर अशा प्रोग्रॅममध्ये करायचं, जो लॅम्पोर्ट यांच्या सरळ रांगेत तेच वागेल. म्हणजे सरळ रांगेचे प्रोग्रॅम तपासणारी जी टूल्स आधीपासून आहेत, ती इथेही चालतात. हमी पूर्ण नाही. मर्यादेत चूक निघाली तर ती खरी, नाही निघाली तर मर्यादेपुरतं बरं. पण बहुतेक बग थोड्याच बदलांत बाहेर येतात, असा या क्षेत्राचा जुना अनुभव आहे. आमच्या डब्याच्या बगला दोन माणसं आणि एक हरवलेला मार्कर पुरला होता.

पुणं यात कुठे?

पुणं आहे, आणि बरंच आधीपासून. १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० दाखवला, अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केल्यावर डॉ. विजय भटकर आणि टीमने पुण्यात बांधलेला. त्यात एक मोठा प्रोसेसर नव्हता, इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ६४ ट्रान्सप्युटर एकत्र जोडले होते. गंमत म्हणजे याच टी८०० ट्रान्सप्युटरमधला दशांश आकडेमोडीचा भाग गणिती सिद्धतेने तपासलेला होता. इनमॉस आणि ऑक्सफर्डला त्यासाठी १९९० मध्ये ब्रिटनचं क्वीन्स अवॉर्ड मिळालं. आणि या चिपची भाषा ऑकम, ती टोनी होर यांच्या समांतर प्रोग्रॅमच्या सिद्धांतावर बेतलेली. म्हणजे पुण्याचा पहिला सुपरकॉम्प्युटर उभा राहिला तो पडताळणीच्या पोटातूनच आलेल्या चिपवर. परमचं कौतुक करताना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

दुसरं ठिकाण हडपसर. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीतलं टीआरडीडीसी, टीसीएसची १९८१ पासूनची संशोधन संस्था. १९९७ ते २००७ या काळात तिथे मथाई जोसेफ प्रमुख होते. हे गृहस्थ त्याआधी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अनेक प्रोसेसरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, १९८४ मध्ये! आपल्या शेजारच्याकडे फोन यायला तेव्हा आठ वर्षं लागत होती.

टीआरडीडीसीच्या मंडळींचं ‘व्हेरिअॅब्स’ नावाचं टूल आहे. प्रोग्रॅमची आपोआप पडताळणी करणाऱ्या टूल्सची २०१२ पासून दरवर्षी एक जागतिक स्पर्धा होते. तिच्या ‘रीचसेफ्टी’ गटात, म्हणजे प्रोग्रॅम नको त्या ठिकाणी पोचतो का हे तपासण्यात, २०२० मध्ये व्हेरिअॅब्स पहिलं आलं होतं. लांबलचक लूप फिरवत बसण्याऐवजी त्याजागी छोटं, सावध गणिती रूप ठेवायचं, ही त्याची खासियत. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं: हा गट एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. समांतर प्रोग्रॅमचा गट वेगळा आणि तिथली लढाई वेगळी. तरी वर सांगितलेली रूपांतराची युक्ती आठवा. समांतर प्रोग्रॅम सरळ करून घेता आला, की सरळ प्रोग्रॅम तपासण्यातली प्रत्येक सुधारणा तिकडेही कामाला येते.

आणि आख्खी सिस्टिमच सिद्ध करायची म्हटलं तर? केलीय लोकांनी. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये ‘एसईएलफोर’ हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा पूर्ण सिद्ध झाला. कोड सुमारे ८,७०० ओळी, सिद्धता दोन लाखांच्या घरात. पण तो एका कोअरसाठीचा. अनेक कोअरवर, बारीक कुलपांसह चालणारा ‘सर्टिकॉस’ हा गाभा सिद्ध करायला येल विद्यापीठाला २०१६ उजाडलं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला सोमवारी ऑफिसात याचा काय उपयोग? आहे. ‘थ्रेड सॅनिटायझर’ नावाचं गुगलवाल्यांनी बनवलेलं टूल आज नेहमीच्या कंपायलरमध्येच येतं, फुकट. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू चालतो, पण कुलूप न लावता दोन थ्रेड एकाच जागेला हात लावताना दिसले की ओळ क्रमांकासकट सांगतो. टक्कर प्रत्यक्ष झाली नसली तरी! आमच्या सकाळच्या भाषेत, डबा कमी येण्याआधीच तो म्हणाला असता, अरे, तुम्ही मार्कर न घेता आकडा बघताय. मर्यादा एकच, कोडचा जो भाग चाललाच नाही त्याबद्दल तो गप्प. आमच्या त्या गिफ्ट कार्डवर हा चालवला असता तर अकरा दिवस लागले नसते. तेव्हा हे टूल होतं. आम्ही चालवलं नाही, कारण बग ‘बंद’ होता.

ती टेस्टर आता दुसऱ्या शहरात याच कामात आहे, पडताळणीच्या टीममध्ये. हा लेख लिहिताना मी तिला फोन केला. तीन वेळा बंद झालेल्या बगची आठवण काढली, सॉरी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, ‘तिसऱ्यांदा टाकला तेव्हा मी कसा आणायचा तेही लिहिलं होतं रे. दोन ब्राउझर आणि एक स्टॉपवॉच. कुणी उघडून वाचलंच नाही.’

बाकी आमच्याकडे सुतळी तुटलीय. मार्कर कुणाच्या तरी खिशातून बहुतेक खराडीला गेला आणि नियमाप्रमाणे मार्करशिवाय बोर्डाला कुणी हात लावत नाहीये. पाच वाजून गेलेत. काकूंचा दोनदा फोन येऊन गेला, ‘अरे, आज किती?’